दोन्ही ग्रुपांतले काका

मोबाइलवर बोलण्याआधी पायातल्या चपला काढून ठेवणारा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात एकच आहे, आणि तो चुलतसासरा म्हणून माझ्याच वाट्याला आला. माझ्या सासऱ्यांचे हे थोरले भाऊ. लांज्याहून आत, एसटी जिथून माघारी वळते त्या गावात राहतात. देवळात सगळ्या गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणे घालायचा मान त्यांचा. त्यामुळे जो समोर दिसत नाही त्याच्याशी हात जोडून, खड्या आवाजात बोलायचे, एवढी एकच रीत त्यांना ठाऊक. बँकेच्या फोनमधली यंत्रबाई ‘एक दाबा’ म्हणाली की ते म्हणतात, “दाबतंय बाय, जरा दम धर.” व्हिडिओ कॉलला टोपी घालतात. गावात रेंज फक्त वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, एका काजूखाली. तिथवर चढून जायचे, निरोप पाठवायचा, आणि खाली उतरून ज्याला पाठवला त्याच्याच घरी जाऊन ‘मिळाला काय?’ म्हणून विचारायचे. एकदा मी म्हटले, “काका, मग आधीच घरी जाऊन सांगायचं ना!” तर म्हणाले, “तसं कसं, जावय? निरोप निरोपाच्या वाटंनं जायाचा. मी जातंय ते च्या प्याया.”

गावातली निम्मी माणसे मुंबईत. त्यांच्यासाठी माझ्या सासऱ्यांनी मुंबईत बसून गावाचा एक ग्रुप काढला, आणि दर सोमवारी काका त्यावर आपल्या आवाजात गाऱ्हाणे पाठवू लागले. देवळात प्रत्येक मागणीनंतर लोक एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, म्हणून रेकॉर्ड करतानाही काका तेवढी जागा मोकळी सोडत. आणि मुंबईत कोणी दाढी करता करता, कोणी जिन्यावरून उतरता उतरता, त्या मोकळ्या जागेत ‘व्हय म्हाराजा’ म्हणत असे.

मग ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि एका ग्रुपाचे दोन झाले. एक सासऱ्यांच्या पॅनेलचा, एक समोरच्यांचा. दोन्हीत राहिलेला माणूस एकच. काकांनी इकडचे सगळे तिकडे आणि तिकडचे इकडे पाठवायचा सपाटा लावला. मी हात जोडले, तर मलाच ऐकवले, “गाऱ्हानं घालताना मी निम्मा गाव भायेर काडतंय काय? दोनी बाजूंना सगळं कळाय नको?” मतदानाला मुंबईकरांना आणायला सासऱ्यांनी गुपचूप एक बस ठरवली. ती कुठून, कधी सुटणार, हा निरोप काकांनी समोरच्यांना धाडला, आणि खाली लिहिले, ‘तुमचीही माणसे याच गाडीत बसवावीत. जागा होईल. कळावे, लोभ असावा.’ त्यांनी बसवली. आधी येऊन खिडक्यासुद्धा धरल्या. सासऱ्यांचे पॅनेल पडले. समोरच्या ग्रुपावर ‘त्यांच्याच गाडीतून येऊन त्यांनाच पाडले’ असा जल्लोष झाला, आणि काकांनी तोही सासऱ्यांना इमानेइतबारे पाठवला. त्या संध्याकाळी दोन्ही ग्रुपांनी त्यांना काढून टाकले. गावात तेवढ्या एका बाबतीत एकमत झाले.

सासऱ्यांनी भावाशी बोलणे सोडले. काकांना अपमानाचे फारसे वाटले नाही. “काडलं तर काडलं,” ते म्हणाले, “पन सोमवारचं गाऱ्हानं आता मुंबैला जायाचं कसं?” मुंबई नाही तर निदान रत्नागिरी, म्हणून ते इथे फक्त मला येऊ लागले. मी पहिल्यांदा ‘होय महाराजा’ असे टाइप करून पाठवले, तर लगेच फोन. “बोटानं नाय, जावय. तोंडानं.” तेव्हापासून सोमवारी मी ऑफिसच्या जिन्याखाली उभा राहून एकटाच ‘व्हय म्हाराजा’ रेकॉर्ड करतो. मला त्यांचा राग येतो, आणि मागाहून त्या रागाची लाज वाटते. अख्ख्या गावाने द्यायचा जबाब मी एकटा देतोय, हे त्यांनाही कळत असणारच.

मध्यंतरी इथल्या ओळखीच्या डॉक्टरांना मोतीबिंदू दाखवायला सासरे रत्नागिरीला आमच्याकडे उतरले होते. सोमवारी गाऱ्हाणे आले, आणि मी चहा घेता घेता सवयीने मोठ्याने लावले. “बा देवा म्हाराजा, जी लेकरं पोटासाठी मुंबैला गेल्यात, त्येंच्या वाटंत काय आडवं येत आसंल त्ये दूर कर रे म्हाराजा!” मग नेहमीची मोकळी जागा. माझ्या तोंडात घोट होता. तेवढ्यात गॅलरीतून, वर्तमानपत्राच्या मागून आवाज आला, “व्हय म्हाराजा.” पुढच्या मागणीलाही आला. शेवटपर्यंत येत राहिला.

संपल्यावर सासऱ्यांनी पेपराची घडी घातली. “खोकला झालाय त्याला. औषध घेतो का?”

“तुम्हीच विचारा ना,” मी फोन पुढे केला.

त्यांनी तो घेतला नाही. “मी ऐकलं म्हणून सांगू नका त्याला, जावईबापू.”

लांज्याची गाडी आमच्या कोपऱ्यावरून जाते. तरी दुसऱ्या दिवशी सासरे रिक्षाने स्टेशनवर गेले आणि परस्पर मुंबईला परतले. त्या सगळ्या गडबडीत माझे उत्तर पाठवायचे राहूनच गेले. संध्याकाळी काकांचा सड्यावरून फोन आला. “जावय, काल घरात ‘व्हय म्हाराजा’ कोन बोललं नाय काय?”

मी म्हटले, “विसरलो, काका.”