उस्तादांची पहिली गाडी

उस्तादांनी जन्मभर गाड्या चालवल्या, पण त्यातली एकही त्यांची नव्हती. आधी वीटभट्टीवाल्याची, मग लाकडाच्या वखारीची, शेवटी एका तेलवाल्याचा टँकर. "दुसऱ्याची गाडी म्हणजे दुसऱ्याचं लेकरू," ते म्हणायचे. "कडेवर घ्यायचं, नाक पुसायचं आणि संध्याकाळी परत द्यायचं." साठी उलटल्यावर तेलवाल्याने गोड बोलून नारळ दिला, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. पुढे थोड्याच दिवसांत त्यांनी लष्कराच्या लिलावातून एक जुना ट्रक घेतला. अशा गोष्टीवर घर डोक्यावर घेणारी त्यांची बायको या वेळी काहीच बोलली नाही. याचं तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही.

ट्रक घरी आणायला त्यांनी जावयाला बरोबर घेतलं. जावई पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. इंजिनाची नाडी त्याला कळायची, पण रोजचा हात छोट्या टेम्पोवर. मोठ्या गाडीचं लायसन्स त्याने काढून ठेवलं होतं, एवढंच.

निकामी गाड्यांच्या आवारात गुडघाभर गवत माजलं होतं. रांगेतल्या कुणाला चाकं नव्हती, कुणाला दारं नव्हती. उस्तादांचा ट्रक शेवटून दुसरा. रंग उन्हाने उडालेला, टायर भेगाळलेले, हौद्यात कुजलेल्या पानांचा थर. जावयाने एक चक्कर मारली आणि कपाळाला हात लावला.

"मामा, हा घरी न्यायचा की इथेच पुरायचा?"

"तोंड बघून नाकारू नका. मुलगी गुणाची आहे."

दोघे कामाला लागले. टाकीतलं जुनं डिझेल काढलं, तर ते काकवीसारखं लिबलिबीत आणि खाली गंजाचा गाळ. टाकी उतरवून धुतली. एअर फिल्टर उघडला तर आत गांधीलमाश्यांचं रिकामं पोळं. बरोबर आणलेली बॅटरी बसवली, ऑइल बदललं. पंक्चरवाल्याला बोलावून टायर बदलून घेतले. ब्रेकसाठी जावई चाकामागे आडवा झाला आणि उस्ताद केबिनमध्ये पायडल दाबत बसले.

"दाबा... धरा... सोडा."

"जावईबापू, तुम्हाला गादीवर बसवायचं सोडून चेसिसखाली झोपवलंय. घरी सांगू नका, सासूबाई मला जेवायला घालायच्या नाहीत."

"आधी दाबा, मामा. मग हसा."

उस्ताद खुशीत होते. गुणगुणत होते. पण खाली उतरल्यावर ते दोनदा जॅकला अडखळले. जावयाने पान्हा मागितला, तर पायाशी पडलेला पान्हा सोडून भलतीकडेच जमीन चाचपत राहिले. वय झालं, जावई मनात म्हणाला. डोळ्यांचं म्हणावं, तर लांबच्या पाण्याच्या टाकीवर लिहिलेला आकडा मघाशी त्यांनीच धडाधड वाचून दाखवला होता.

लष्कराचा नंबर घेऊन रस्त्यावर जायला मनाई होती. उस्तादांनी डबा आणि ब्रश घेतला आणि दारावरचा जुना नंबर काळ्या रंगाने पुसून काढला. जावयाने पाहिलं, तर मधलं सगळं काळंभोर, पण कडेचे आकडे तसेच उघडे. त्याने ब्रश घेतला आणि राहिलेलं भरून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डिझेलच्या लाइनमधली हवा निघाली. उस्तादांनी सेल्फ मारला. इंजिन खोकलं, गप्प झालं. पुन्हा खोकलं आणि काळ्या धुराचा लोट सोडून धडधडायला लागलं. म्हाताऱ्याने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. असा चेहरा जावयाने त्यांच्या पोरीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"एक फेरा मारतो आवारात. तुम्ही बसा शेजारी."

गाडी निघाली. गिअर बदलताना उस्तादांचा हात लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरला. जावई बघतच राहिला. रांग संपली, वळण आलं. डाव्या बाजूने आवाराचा रखवालदार सायकल हातात धरून चालला होता. जावयाला तो स्पष्ट दिसला. उस्तादांनाही दिसलाच असणार, असं धरून तो गप्प बसला. गाडी वळली ती सरळ त्याच्या अंगावर.

"मामा!"

रखवालदाराने सायकल टाकून गवतात उडी मारली. मागच्या चाकाखाली सायकल कडाकडा मोडली. जावयाने हँडब्रेक ओढला. गाडी हिसका देऊन थांबली.

"काय झालं?" उस्ताद समोर बघत म्हणाले. "पत्रा वाजला का कुठे?"

दार उघडून तो खाली धावला. रखवालदार उठून बसला होता. कोपर फुटून रक्त मनगटापर्यंत आलं होतं. तो उठला आणि उतरणाऱ्या उस्तादांवर ओरडला, "डोळे फुटले का रे तुझे?"

उस्तादांनी मोडलेल्या सायकलकडे पाहायला सगळी मान वळवली. मग म्हणाले, "हो. फुटलेत."

रखवालदाराच्या तोंडातली पुढची शिवी तोंडातच राहिली.

जावयाने त्याचं कोपर धुतलं, फडकं बांधलं, नवी सायकल आणून देण्याचा शब्द दिला. रखवालदार निघून गेल्यावर तो परत आला. उस्ताद पायरीवर बसले होते.

"काचबिंदू आहे," ते म्हणाले. "मधलं दिसतं. कडा गेल्या. नळीतून बघितल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही. उरलेलंही टिकेल असं नाही."

"म्हणून तेलवाल्याने काढलं?"

"त्याने कुठं काढलं? मीच सोडलं. एका वळणावर एक बाई उभी होती, कडेवर मूल. मला दिसली ती आरशात, मागे पडल्यावर. पदर घासून गेला असेल गाडीला. त्या दिवशी चावी टेबलावर ठेवली आणि चालत घरी आलो."

"आणि तरी ही गाडी घेतलीत?"

"तुमच्यासाठीच घेतली. पंप वाहायला उपयोगी पडेल." ते थांबले. "पण घरापर्यंत मी आणणार होतो. एकदाच. रस्ता सगळा सरळ आहे. दारात माझी गाडी मी लावणार, मग चावी तुम्हाला देणार. एवढंच होतं मनात."

"रस्त्यावर माणसं असतात, मामा."

"ठाऊक आहे."

"ठाऊक असून?"

उस्तादांनी मुठीतली चावी बोटांत फिरवली. मग अगदी लहान आवाजात म्हणाले, "मग फाटकापर्यंत तरी?"

जावयाने गवतातल्या रक्ताच्या थेंबांकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला आणि हात पुढे केला. उस्तादांनी चावी दिली. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. चेहरा मात्र एकदम ओळख नसलेल्या माणसासारखा झाला.

गाडी जावयाने आणली. गिअर किंचाळत होते, चढावर दोनदा बंद पडली. मागचे लोक हॉर्न मारत होते. उस्ताद शेजारी हात मांडीवर ठेवून बसले होते. एकदा तरी 'क्लच दोनदा दाबा' म्हणतील, म्हणून जावई वाट बघत होता. ते शेवटपर्यंत बोलले नाहीत.

दारात गाडी थांबली. शेजारी गोळा झाले. एकाने हौसेने विचारलं, "कशी चालते हो उस्ताद?"

"मला काय विचारता? यांना विचारा," म्हणून ते आत गेले.

सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. जावयाने तो घेतला नाही.

"तुम्हाला माहीत होतं, मामी."

"डोळ्यांत थेंब मीच घालते रोज," त्या म्हणाल्या. "म्हटलं, एवढं एकदा होऊ दे. जन्मभर काही मागितलं नाही त्यांनी."

"कुणी मेलं असतं."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "तुम्ही बरोबर होतात ना," त्या कशाबशा म्हणाल्या.

त्या ट्रकने पुढे बरीच वर्षं काम केलं. जावयाचा धंदा वाढला तो त्याच्याच जोरावर. उस्ताद मात्र त्यात पुन्हा बसले नाहीत. नातवाने ओढत नेलं तरी पायरीपाशी हात सोडवून घेत. जावयाशी बोलणं कामापुरतं. दिसायचं ते वर्तुळ लहान होत गेलं आणि एका हिवाळ्यात पुरतं मिटलं.

त्यानंतर एकदा जावई त्यांच्या खाटेशी बसला होता. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्याने मनातलं विचारून टाकलं, "मामा, त्या दिवशी मी चावी घेतली, ते चुकलं का माझं?"

"नाही," उस्ताद लगेच म्हणाले. "मी तुमच्या जागी असतो तर तेच केलं असतं."

जावयाला हायसं वाटलं. तेवढ्यात म्हातारा पुढे म्हणाला, "पण राग गेला नाही हो माझा. खूप प्रयत्न केला. जात नाही."

जावयाने मान हलवली. मग आपली मान यांना दिसत नाही हे आठवून तो "असू दे, मामा" म्हणाला आणि बराच वेळ तिथेच बसून राहिला.