पाचवा गोल

रविवारी दुपारी आमच्या आचरा गावातल्या घरी टीव्हीवर फुटबॉल चालू होता आणि नातू तोंड पाडून बसला होता. देशातली सगळ्यात मोठी लीग म्हणे, आणि ह्याची टीम तळाला… हा शेवटचा सामना हरली की खालच्या डिव्हिजनमध्ये जाणार.

मी वालाच्या शेंगा सोलता सोलता विचारलं, "बरोबरी झाली तर वाचतत काय रे?" तो टीव्ही सोडून माझ्याकडे वळला. "आजये, तुका ह्यातला काय कळता?"

मला अक्षर कळत नाही हे खरं. हे सगळं मी सांगते आहे आणि नात टाइप करते आहे, मध्येमध्ये हसते आहे. पण लीगचं टेबल मी हिचा बाप जन्माला यायच्या आधी ठेवलेलं आहे…

आमचे हे, म्हणजे ह्या पोरांचे आजोबा, मुंबईत एका गिरणीच्या टीमचे गोलकीपर होते. गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता तेव्हाची गोष्ट. गोव्याच्या हद्दीजवळ रेडी बंदराला मामाकडे वाढले आणि तिथे गोव्याकडच्या खलाशांबरोबर खेळून शिकले. गिरणीतली नोकरी टीमच्या भरवशावर… टीम मुंबईच्या फर्स्ट डिव्हिजनमध्ये टिकली तर कायम, खाली गेली तर घरी.

मुंबईचा फुटबॉल पावसाळ्यात चालायचा आणि आमची मुंबईची बोट नेमकी पावसाळ्यातच बंद. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. शेवटच्या बोटीने हे गेले की थेट चतुर्थीला दिसायचे… मधले तीन महिने माझा नवरा म्हणजे एक पोस्टकार्ड.

तेही शाळेतले गुरुजी ओटीवर बसून, सासूबाईंसमोर, मोठ्याने वाचायचे. त्यात बायकोसाठी कोण काय लिहिणार… सामन्यांचे निकालच असायचे. जिंकलं की दोन गुण, बरोबरीला एक, हे ह्यांनी मला शिकवून ठेवलेलं. मी करवंटीत तेवढे चिंचोके टाकायची. त्या वर्षी करवंटी काही भरेना.

जायच्या आदल्या दिवशी अंगणात दोन नारळ ठेवून हे मध्ये उभे राहिले होते. "हेंच्या मधसून एकव बॉल आत जाता नये. ह्याच माझा काम." सासूबाई तेव्हा बाजाराला गेलेल्या, नाहीतर बायकोला असलं काही शिकवायची ह्यांची टाप नव्हती.

आणि सासूबाईंना मुलाबद्दल नेमकं वेगळंच खुपत होतं. कार्डात कोणी दोन गोल केलेले, कोणी तीन… "आमच्या झिलाच्या नावार एकव नाय?" शेवटचा सामना उरला तेव्हा त्यांनी देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरवलं.

गुरवकाकांनी नारळ ठेवला आणि हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान मुंबैत जो खेळ मांडलो आसा, तेका यश दी. येतले तितके सगळे गोल हेच्याकडेच वळव रे म्हाराजा…"

सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा."

गोलकीपरकडे गोल वळले तर काय होतं, हे त्या अख्ख्या देवळात एकट्या मला माहीत होतं. एक शब्द बोलले असते तरी पुरे होतं. नवी सून वडीलधाऱ्यांसमोर कशी बोलणार, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले… खरं सांगू? टीम खाली गेली की हे घरी येणार, तेही मला माहीत होतं.

मीही म्हणाले, "व्हय म्हाराजा." जरा मोठ्यानेच.

आठ दिवसांनी कार्ड आलं. गुरुजींनी वाचलं, पाच गोल झाले. सासूबाईंनी बसल्या जागेवरून देवळाकडे हात जोडले. "पाच. देवान हात आखडूक नाय."

गुरुजींनी चष्मा काढून सगळं समजावलं तेव्हा त्या भिंतीला टेकल्या त्या टेकल्याच. मी चुलीकडे पळाले… हसू येत होतं की रडू, ते अजून सांगता येत नाही.

चतुर्थीला हे एस्टीने आले, बूट गळ्यात अडकवून. परत गेले नाहीत. माड शिंपले, होडीत वाटा घेतला, पोरंबाळं झाली… पण दर वर्षी मिरग, म्हणजे मृगाचा पाऊस, आला की माळ्यावरून बूट काढायचे, खोबरेल लावून पुसायचे आणि परत वर ठेवायचे. एकदाही पायात घातले नाहीत.

पहिल्या वर्षी मला वाटलं, हौस. तिसऱ्या वर्षी त्यांना तसं बसलेलं बघून मी ताट बाजूला सारलं आणि विहिरीवर निघून गेले.

सांगायला मला वीस वर्षं लागली. सासूबाई गेल्यानंतरच्या एका मिरगाला मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं… गुरवकाकांचं गाऱ्हाणं, आणि माझं ते मोठ्याने म्हणणं.

ह्यांनी बुटावरून फडकं फिरवलं. मग म्हणाले, "चार माझेच गो. चिखलात पाय सरकत होते. पण पाचवो खंयसून इलो, ता माका अजून कळूक नव्हता." बूट खाली ठेवून म्हणाले, "तो तुझो."

आणि खोबरेलाची वाटी माझ्याकडे सरकवली. दुसरा बूट मी पुसला. त्यानंतर दर मिरगाला एक त्यांचा, एक माझा. आता हे नाहीत, तर दोन्ही माझेच… पण मला ती वाटी सरकवल्याचा आवाज अजून येतो, आणि तेवढ्यावर माझा पावसाळा निघतो.

रविवारी नातवाची टीम बरोबरीवर सुटली आणि वाचली. तो खूश होऊन म्हणाला, "आजये, पुढच्या खेपेक तू देवाक सांग."

म्हटलं, सांगते. पण आधी तुमच्या गोलकीपरच्या बायकोला विचारून ये, तिला काय हवं आहे ते.