जावई नापास

बियाणं पास करणं हे तिचं काम. तरी प्रयोगशाळेत सगळे तिला नापासबाई म्हणत. ओल्या कागदात बिया गुंडाळायच्या, गुंडाळ्या उबदार कपाटात उभ्या करायच्या आणि कोंब आले की एकेकाची हजेरी घ्यायची. नुसतं उगवून भागत नसे, अंगात जोमही हवा. ही नजर ती घरीही घेऊन जाई. नवरा तिच्या मते उगवणीला उत्तम, जोमाला बेताचा. सासूबाई मात्र दोन्हीत अव्वल.

त्याच सासूबाई हल्ली भिंत धरून चालत होत्या. बोटांना मुंग्या यायच्या, हातातला चमचा निसटायचा.

"बियाणं जुनं झालं, आई," ती हसून म्हणाली. "पाणी प्या भरपूर. कोमेजलेलं रोपसुद्धा तरारतं."

"पिते गं बाई. नापास तेवढी करू नकोस."

इकडे प्रयोगशाळेत येईल ते वाण नापास होऊ लागलं. कोंब यायचे, पण मुळांची टोकं तपकिरी, आत वळलेली, जणू कशाला तरी भिऊन माघारी फिरलेली. बियाणंच भिकार, असं म्हणत ती शिक्के मारत राहिली. शेवटी साहेब वैतागले.

"बाई, सगळी दुनियाच नापास कशी होईल? जावयाला बसवून बघा परीक्षेला."

जावई म्हणजे बरणीत जपलेलं खात्रीचं वाण. कधी नापास होत नाही आणि मान मोठा, म्हणून हे नाव. तिने त्याच्या दोन गुंडाळ्या केल्या. एक नेहमीसारखी नळाच्या पाण्यात भिजवली, दुसरी सहज म्हणून बाटलीतल्या विकतच्या पाण्यात.

आज दोन्ही उलगडल्या. बाटलीच्या पाण्यावरची मुळं सरळ, पांढरीशुभ्र. नळाच्या पाण्यावरची तपकिरी, आत वळलेली.

"म्हणजे बियाणं..." साहेब म्हणाले.

"बियाण्यात काही खोट नाही, साहेब."

पाणी शुद्ध करायचं यंत्र बिघडल्यापासून सगळं काम नळाच्याच पाण्यावर चाललं होतं. साहेबांनी हातातला चहाचा कप हळूच टेबलावर ठेवला आणि दूर सरकवला.

ज्या टाकीचं पाणी या नळाला, तिचंच मागच्या गल्लीला. आणि मागच्या गल्लीत तिचं घर. ती अंगातला पांढरा कोटही न काढता निघाली.

सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या, समोर रिकामा जग.

"आलीस? तुझं ऐकलं बघ," त्या म्हणाल्या. "सकाळपासून हा दुसरा जग संपवला. आता तरी पास कर."

ती त्यांच्या हातातला पेला काढून घ्यायला वाकली. पेल्याभोवती त्यांची बोटं आत वळली होती. ती उघडेनात.