वानखडेकाका आणि तक्रारीचा पत्ता

वानखडेकाका ऑफिसात कोणालाच नावानं ओळखत नसत. ज्याच्याकडे ज्या पत्त्याची मेल जाते, तेच त्याचं नाव. हिशेबाचे शर्माजी म्हणजे ‘बिलिंग’, मी ‘सपोर्ट’, आणि खुद्द मालकसाहेब ‘इन्फो’. जगतपुऱ्यातल्या आमच्या कंपनीत मी रुजू झाले त्याच दिवशी हा अमरावतीचा गृहस्थ माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “आज इन्फोच्या समोर जाऊ नको पोरी. लय तापून हाय.” परमुलखात मराठी ऐकून मला इतका आनंद झाला, की इन्फो कोण हे विचारायचं राहूनच गेलं.

काका मेल सर्व्हर सांभाळत. एलियस म्हणजे काय, हे त्यांनी मला चहाच्या टपरीवर समजावलं. “पाटी लावायची, मांगं खोली नाही. त्या नावानं आलेलं पत्र सर्व्हर दुसऱ्याच कोणाच्या खोलीत टाकते. कोणाच्या, ते मी ठरवतो.” हे शेवटचं वाक्य ते फार चवीनं म्हणत.

त्या हिवाळ्यात साहेबांनी मुलींना घरी सोडणारी कंपनीची गाडी बंद केली. शिफ्ट सुटायची तेव्हा अंधार पडलेला असे, मी राहायचे त्या प्रताप नगरला यायला रिक्षावाले नाही म्हणत, आले तर वाटेत नको ते बोलत. साताऱ्याहून आई रोज फोनवर सांगे, सोड ती नोकरी आणि ये परत. मला परत जायचं नव्हतं. भिंतीवर तक्रारीचा पत्ता मोठ्या अक्षरात लावलेला होता, त्यावर मी लिहीत राहिले. उत्तर नाही. शेवटी काकांना विचारलं.

त्यांनी सर्व्हर उघडून पाहिलं आणि पोट धरून हसले. तक्रारीचा पत्ता नोकरी सोडून गेलेल्या एका मॅनेजरला जोडलेला होता, त्याचा पत्ता त्याच्याही आधी गेलेल्या दुसऱ्याला, आणि त्या दुसऱ्याची पेटी कोणी उघडतच नव्हतं. मी चिडले तसे गंभीर झाले. “माणूस जाते, पत्ता राह्यते. त्यावर आलेलं कोणाच्या तरी घरी टाकाच लागते.”

मग त्यांनी साहेबांना रीतसर मेल केली, की हा पत्ता कोणाला जोडू? साहेबांचं उत्तर आलं, “किसी भी डायरेक्टर को जोड़ दो, मेरा सिर मत खाओ।” कंपनीला डायरेक्टर दोनच होते. एक साहेब. दुसऱ्या त्यांच्या पत्नी, ज्या कागदावर सही करण्यापुरत्या डायरेक्टर होत्या आणि तिलक नगरच्या बंगल्यात असत. काकांनी तो पत्ता मॅडमना जोडला आणि मला म्हणाले, “आता लिही.”

दुसऱ्या दिवशी साहेब आले ते थेट काकांच्या टेबलाशी. “वानखडेजी, मेरे घर में नाश्ते पर शिकायतें पढ़ी जा रही हैं! हटाओ मैडम को!”

“जी सर,” काका उठून अदबीनं म्हणाले. “बस एक मेल कर दीजिए, कि मैडम डायरेक्टर नहीं हैं। उन्हें कॉपी मैं लगा दूँगा।”

साहेब आल्या पावली परत फिरले. सोमवारी गाडी सुरू झाली.

“आणि नोकरी गेली असती तर?” मी विचारलं.

“गेली असती त गेली असती. तुयी गाडी त आली असती ना, बाप्पा!”

निवृत्त होताना त्यांनी स्वतःचा पत्ता मला जोडून दिला, सर्व्हरही माझ्याच गळ्यात पडला. मॅडमना ते निवृत्त झाल्याचं बहुधा कोणी सांगितलंच नाही. थंडी पडली की काकांच्या नावानं मॅडमची मेल येई, “वानखडेजी, लड़कियों की गाड़ी ठीक चल रही है न?” मी ती काकांना फोनवर वाचून दाखवी, आणि ते अमरावतीत लहान पोरासारखे खिदळत.

यंदा दिवाळीनंतर काकूंचा फोन आला. काका गेले. त्याच आठवड्यात साहेब माझ्या टेबलाशी आले. खर्च कमी करायचाय, गाडी बंद. आणि मॅडमचं नाव तक्रारीच्या पत्त्यावरून काढ, आजच.

 मी काकांसारखीच अदबीनं उठून उभी राहिले.

“जी सर। बस एक मेल कर दीजिए, कि मैडम डायरेक्टर नहीं हैं। उन्हें कॉपी मैं लगा दूँगी।”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांच्या जुन्या खुर्चीकडे. “मतलब, वानखडेजी अभी रिटायर नहीं हुए,” असं पुटपुटत ते केबिनमध्ये गेले.

मला हसू आवरेना, आणि मग रडूही. खाली गाडीचा हॉर्न वाजला, तशी डोळे पुसून मी पर्स उचलली.