क्लेम हॅरॉपने लावलेला शब्द

टारापुकमध्ये फुटीची, म्हणजे आमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलची, मॅच असली की सगळं गाव मैदानाभोवती गाड्या लावून बसायचं. काचा अर्ध्या खाली, मांडीवर घोंगडी, आणि आपला गोल झाला की हॉर्न. क्लेम हॅरॉप मात्र कधी गाडीत बसला नाही. कितीही गारठा असो, तो कुंपणाला टेकून उभा. तरुणपणी तो आमच्या संघाचा कप्तान होता, मग कोच झाला, आणि गुडघे गेल्यावर मेलबर्नच्या क्लबांसाठी आमच्या गव्हाच्या मुलखातले खेळाडू हेरायला लागला. त्याचा शब्द तिकडे चालायचा. गावात तर चालायचाच.

मी क्लबच्या किचनमध्ये सूप आणि सॉसेज विकायचे. हाफटाइमला रांग लागली की लोक सॉसेजपेक्षा क्लेमचं बोलणं ऐकायला थांबायचे.

"क्लेम, तो लांब पायांचा नवा पोरगा कसा काय?"

"झेल सुरेख घेतो. डोकं गरम. तीन चुका झाल्या की चौथी रागाने मुद्दाम करेल."

आणि खेळाच्या चार पावांपैकी शेवटच्या पावात तो पोरगा नेमकी ती चौथी चूक करायचा. मग लोक माना डोलवायचे. क्लेम हसायचा नाही, पण त्याला आवडायचं ते. त्याची बायको वॅल मला म्हणायची, "मॉरीन, ह्याची वाहवा करू नका ग. घरी येऊन माझ्या स्वयंपाकाचेही गुणदोष सांगतो."

ब्रिओनी नोस्के आमच्या मुलींच्या संघात आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिचा बाप रॉस धान्याच्या कोठारांवर कामाला. हे कुटुंब पलीकडच्या मुलखातून, ती शाळेत असताना इथे आलेलं. पोरगी अबोल, औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. पण मैदानावर उतरली की बघत राहावं. उंच उडालेला चेंडू गर्दीतून असा काढायची, जसं फांदीवरचं संत्रं तोडावं. पाहता पाहता मेलबर्नच्या एका क्लबचा ग्रँट फेरिस नावाचा माणूस तिला बघायला यायच्या गोष्टी निघाल्या. तो नेहमीप्रमाणे आधी क्लेमला विचारणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

क्लेमने तिला चार-पाच मॅचमध्ये बघितलं आणि एका रविवारी माझ्या काउंटरपाशी, हातात सूपचा पेला घेऊन, निकाल सांगून टाकला.

"हात उत्तम. उजवा पाय उत्तम. डावा पाय नुसता उभं राहायला. ते शिकवता येईल. पण समोरून कुणी धडकायला येतंय म्हटलं की ऐन वेळी मान फिरवते. काळीज नाही पोरीत. ते काही शिकवता येत नाही."

रांगेत त्याच्या मागेच रॉस नोस्के उभा होता. त्याने सॉसेज घेतलं नाही. तसाच वळून गाडीकडे गेला. क्लेमने त्याला पाहिलं, जरा चपापला, पण म्हणाला, "खरं ते खरं. बापाला गोड वाटावं म्हणून मी खोटं बोलू का?"

ग्रँट फेरिसलाही त्याने फोनवर हेच सांगितलं. ग्रँट आलाच नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ ठीक. पण गावाला शब्द मिळाला होता. पुढच्या मॅचला ब्रिओनीने मान वळवली आणि कुठल्याशा गाडीतून आवाज आला, "घुबड! घुबड ग!" दुसऱ्या गाडीतून कुणीतरी घुबडासारखं घुमलं. लोक हसले. पाहुण्या संघाच्या गाड्यांनीही ते उचललं. मग ती चेंडूपाशी गेली की मैदानाच्या दोन्ही अंगांनी हू-हू सुरू व्हायचं. क्लेमही एकदा हसला. मोठ्याने नाही, नाकातल्या नाकात. पण मी पाहिलं, आणि मला वाटतं ब्रिओनीनेही पाहिलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी क्लेम गुडघ्याचं मलम आणायला औषधांच्या दुकानात गेला. ब्रिओनी पाठमोरी, फळीवर बाटल्या लावत होती, तिच्या डाव्या हाताशी रेडिओ मोठ्याने चालू. क्लेम तिच्या उजव्या अंगाला उभा राहिला.

"ब्रिओनी, ते निळ्या डबीतलं मलम दे बरं."

ती वळली नाही. त्याने पुन्हा सांगितलं. पुन्हा नाही. क्लेमचं डोकं तापलं.

"मनात धरून बसलीस काय? गिऱ्हाईक आहे मी, माझं काम कर!"

ती तरी बाटल्याच लावत होती. आतून दुकानाची मालकीण एडना लगबगीने आली आणि हळू आवाजात म्हणाली, "अहो ओरडता काय! तिच्या डाव्या बाजूला या. उजव्या कानाने तिला काही ऐकू येत नाही. लहानपणी मेंदूज्वर झाला होता."

क्लेमला मलम मिळालं. घेऊन तो गाडीत बसला आणि गाडी सुरू न करताच बसून राहिला. हे त्याने मला पुढे कितीतरी दिवसांनी सांगितलं. एक एक मॅच डोळ्यांसमोर येत होती, म्हणाला. घाबरलेला माणूस ज्या बाजूने मार येतो तिच्यापासून तोंड फिरवतो. ही पोरगी दर वेळी उजवीकडेच मान वळवायची. धडक डावीकडून येवो की उजवीकडून. डावा कान पुढे आणायची, मैत्रिणींची हाक ऐकायला. कधी कधी तर मान वळवून सरळ समोरच्याच्या खांद्यात तोंड द्यायची.

"मी ते सगळं पाहिलं होतं, मॉरीन," तो म्हणाला. "डोळ्यांनी दिसलं होतं. पण मी आधीच ठरवून बसलो होतो."

घरी आल्याबरोबर त्याने ग्रँटला फोन लावला. चूक झाली, पोरगी भित्री नाही, तिचा एक कान गेलाय, असं सगळं धडाधड सांगून टाकलं. ग्रँटने सगळं ऐकून घेतलं.

"क्लेम, एक तर ह्या वर्षीच्या जागा भरल्यात. आणि खरं सांगू? भीती घालवता येते. कान कुठून आणायचा?"

फोन ठेवल्यावर क्लेमच्या लक्षात आलं की तिने आजवर जपून ठेवलेली गोष्ट आपण तिला न विचारता मेलबर्नला पोचवली. तिथे शहाणा माणूस गप्प बसला असता. पण क्लेमला गप्प बसवत नव्हतं. जेवण जाईना. कुंपणापाशी उभं राहवेना. घुबडाचा आवाज कुठून आला की मान खाली जायची. सगळ्यांसमोर बोललो होतो, तर सगळ्यांसमोरच परत घ्यायचं, असं त्याने मनाशी ठरवलं. वॅलला सांगितलंही नाही.

गुरुवारी सरावानंतर क्लबात सगळ्यांचं एकत्र जेवण असतं. मुलं, मुली, आईबाप, पाठीराखे. जेवता जेवता शनिवार-रविवारचे संघ जाहीर होतात. त्या गुरुवारी मी बटाट्याचा रस्सा वाढत होते, तेवढ्यात क्लेम उठून उभा राहिला. पेल्यावर चमचा वाजवला.

"मला एक बोलायचंय. ब्रिओनीबद्दल मी जे बोललो ते चूक होतं. तिच्यात काळीज नाही म्हणालो. पोरीला उजव्या कानाने मुळी ऐकूच येत नाही. म्हणून ती मान वळवते. एका कानावर ती एवढं खेळते आणि आपण तिला घुबड म्हणतो. लाज वाटली पाहिजे. मला वाटते. मी तिची माफी मागतो."

कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं. दोन-चार हात वाजले आणि थांबले, कारण ब्रिओनी उभी राहिली होती. चेहरा पांढरा पडलेला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"एडनाने... म्हणजे दुकानात..."

"मी कोणाला सांगितलं होतं का? माझ्या बापाने सांगितलं होतं का?" तिचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त वाईट वाटत होतं. "घुबड म्हणत होते ते चालत होतं मला. एका कानाची म्हणून कीव नको होती. आता पुढच्या रविवारी सगळे संघ माझ्या उजवीकडूनच येतील. एवढं तरी सुचायला हवं होतं तुम्हाला. तुम्ही तर सगळ्यांचे कच्चे दुवे ओळखता!"

ताट तसंच ठेवून ती निघून गेली. रॉस तिच्यामागे उठला. जाता जाता क्लेमपाशी थांबला, वाटलं आता मारतो. पण नुसता म्हणाला, "एकदा तोंड बंद ठेवून बघ, क्लेम."

मी वॅलकडे पाहिलं. तिने नवऱ्याचा कोट त्याच्या हातात दिला. दाराशी तिचे शब्द माझ्या कानावर आले. "माफी मागायला उभा राहिलास की मोकळं व्हायला?"

क्लेम कोट न घालताच बाहेर पडला.

ब्रिओनी म्हणाली तसंच झालं. आमच्या भागात बातमीला पेट्रोल लागत नाही. रविवारी पाहुण्या मुली पहिल्या भोंग्यापासून तिच्या उजव्या अंगाने आल्या. तिला पत्ता लागायच्या आत खांदा बसायचा. पहिल्या पावात दोनदा आडवी झाली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा कोपर सोलवटून रक्त आलं. घुबडाचा आवाज मात्र त्या दिवशी आला नाही. गाड्या चिडीचूप. तिला ती शांतता हू-हूपेक्षा झोंबली असणार. क्लेम त्या दिवशी गाड्यांच्याही मागे, पाण्याच्या टाकीआड उभा होता. कुणाला दिसू नये म्हणून. मला किचनच्या खिडकीतून दिसत होता. प्रत्येक धडकेला त्याचा खांदा आपोआप आखडायचा.

मंगळवारी तो मागच्या अंगणात कोंबड्यांचं खुराडं साफ करत होता, तर फाटकापाशी ब्रिओनी. कोपराला पट्टी. क्लेमच्या हातातलं खोरं तिथेच राहिलं. तो पुढे होऊन बोलायला लागला, "पोरी, मी खरंच..."

"ते नको. झालं तेवढं पुरे. त्या माझ्या उजवीकडून येतात ते मला कळतं. थांबवायचं कसं ते सांगा. तुमच्यामुळे झालंय, तुम्हीच निस्तरा."

क्लेम कोंबड्यांच्या दाण्याच्या डब्यावर बसला. तिला आपल्या डाव्या हाताला बसायची खूण करणार होता, मग स्वतःच उठून तिच्या डाव्या बाजूला आला.

"तू मध्ये खेळतेस. मध्ये चहूकडून येतात. तू कडेला खेळ. आपण ज्या दिशेला गोल करतो, तिकडे तोंड केलं की उजव्या हाताची कड. तुझ्या उजवीकडे मैदानाची रेघ राहील. रेघेबाहेरून कोणी येत नाही."

ब्रिओनीने जरा विचार केला. "दर पावाला बाजू बदलते."

"मग तूही बदल. आपली उजवी कड, तुझी कड."

तिने मान हलवली. धन्यवाद म्हणाली नाही. फाटकापाशी वळून म्हणाली, "आणि डाव्या पायाचं तुमचं बरोबर होतं. तेही शिकवा."

उरलेला मोसम ती दोघं सरावाच्या दिवशी बाकीच्यांच्या आधी मैदानावर असायची. क्लेम चेंडू आणून द्यायचा, ती डाव्या पायाने मारायची. गुडघे धरून पळणारा म्हातारा आणि ती. गप्पा नाहीत. एकदा मी त्याला म्हटलं, "माफ केलंन वाटतं तुला."

"नाही ग," तो म्हणाला. "तिला डावा पाय हवाय. मला काय हवंय ते तिने विचारलेलं नाही. विचारू पण नये."

उपांत्य सामना आम्ही हरलो, पण ब्रिओनी उजव्या कडेने अशी खेळली की पाहुण्या संघाच्या गाड्यांनीही हॉर्न वाजवले. पुढच्या वर्षी ग्रँट फेरिस आला. क्लेमला शोधत माझ्या काउंटरपाशी पोचला आणि विचारलं, काय म्हणतोस हिच्याबद्दल? सगळी रांग कान टवकारून उभी.

"मी काही म्हणत नाही," क्लेम म्हणाला. "चारही पाव बघ. उभा राहून बघ. आणि मग तिलाच विचार, तिला काय सांगायचंय ते."

ग्रँटने चारही पाव पाहिले. मॅच संपल्यावर तो ब्रिओनीशी बोलत उभा होता, तिच्या डाव्या बाजूला. हे त्याला तिने स्वतःच सांगितलं असणार. उन्हाळ्यात ती मेलबर्नला गेली. वरच्या संघात नाही, त्याच क्लबच्या खालच्या संघात. तिथेही कडेलाच खेळते म्हणतात.

खेळाडू हेरायचं काम क्लेमने सोडून दिलं. मेलबर्नहून फोन यायचे, तो वॅलला घ्यायला लावायचा. लोक म्हणायचे, एका चुकीपायी एवढं काय मनाला लावून घ्यायचं? चांगलंच झालं ना शेवटी पोरीचं? अशा वेळी क्लेम तिथून उठून जायचा. तिचं चांगलं झालं ते तिने केलं, हे त्याला पक्कं माहीत होतं.

मागच्या हिवाळ्यात वॅलने त्याला बळेच गाडीत घातलं आणि दोघं मेलबर्नला ब्रिओनीची मॅच बघायला गेली. परत आल्यावर वॅल माझ्याकडे चहाला आली. मी विचारलं, भेटली का पोरगी?

"भेटली की. मॅच संपल्यावर कुंपणापाशी आली. मला मिठी मारलीन. ह्याचा हात हातात घेतलान."

"मग काय बोलली दोघं?"

"रस्ता कसा होता, पाऊस लागला का, एवढंच." वॅलने बिस्कीट चहात बुडवलं. "आणि हा मेला, अख्ख्या वाटेने काय काय बोलायचं ते घोकत गेला होता. तिथे गेल्यावर एवढं म्हणाला, पाऊस नव्हता."