हॉटेलातला जोगवा

देवीशी भांडायची मला जुनी सवय आहे. दूध उतू गेलं, शिलाई मशीनचा पट्टा तुटला, गिऱ्हाइकाचं ब्लाऊज घट्ट झालं, की मी आधी भिंतीवरच्या वणीच्या आईकडे बघून चार शब्द ऐकवते आणि मग कामाला लागते. तिलाही आता त्याची सवय झाली असावी. पण साथीच्या वर्षी नवरात्रातल्या शुक्रवारी मी जे भांडले ते तसलं नव्हतं. त्या दिवशी मी तिला हात न जोडताच सांगून टाकलं, की यंदा मी तुझा जोगवा मागणार नाही.

आमच्या घरी नवरात्रातल्या शुक्रवारी घरातल्या बाईने परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायचा असतो. जे पीठ, तांदूळ, गूळ मिळेल त्याचा नैवेद्य करायचा. सासूबाईंनी परडी माझ्या हातात दिली तेव्हा दोनच गोष्टी बजावल्या होत्या. जोगवा मागताना मीपणा घरी ठेवून जायचं. आणि परडीत जे पडेल ते घ्यायचं, अमुक द्या म्हणायचं नाही, तमुक नको म्हणायचं नाही. यजमान गेले त्या वर्षीसुद्धा मी ही रीत मोडली नव्हती. त्यावरून माझा राग किती होता ते कळावं.

झालं होतं असं, की मुलाकडे मस्कतला मी महिन्याभरासाठी म्हणून गेले आणि विमानं बंद झाली. इकडे नाशिक रोडला माझ्या लेकीला दिवस गेले, डोहाळे लागले, पोट दिसू लागलं, आणि हे सगळं मी फोनच्या चौकटीत बघत होते. तिकडे बसून झबली शिवली, टोपडी शिवली. शेवटी खास विमानात जागा मिळाली. तपासणीचा अहवाल इतक्या तासांच्या आतलाच हवा असा नियम होता, तोही काढून घेतला. पण विमान सुटायलाच उशीर झाला आणि मुंबईत उतरेपर्यंत माझा अहवाल जुना ठरला. भाकरी शिळी होते हे माहीत होतं, कागदही शिळा होतो हे तेव्हा कळलं. ताजे कागदवाले आपापल्या घरी गेले आणि आम्हा शिळ्या मंडळींना बसमध्ये घालून आपापल्या जिल्ह्यात विलगीकरणासाठी पाठवलं. माझ्या वाट्याला गंगापूर रोडवरचं एक हॉटेल आलं. आणि गंमत बघा, खिडकीत उभं राहून मान वाकडी केली की लेकीचं नाव जिथे घातलं होतं त्या हॉस्पिटलची पाटी दिसायची.

तरी मी हिशेब घातला होता, की आपण सुटू आणि मगच तिचे दिवस भरतील. शुक्रवारी सकाळी चहाचा कागदी कप दाराबाहेरच्या खुर्चीवरून आत घेते आहे, तोवर तिचा फोन आला. तारखेच्या बऱ्याच आधी तिला कळा सुरू झाल्या होत्या. जावई आणि त्यांचे आईवडील, तिघेही तापाने आजारी, तिघेही पॉझिटिव्ह, घराला बाहेरून फलक लागलेला. हिचा अहवाल चांगला आला म्हणून ही आमच्या घरी येऊन एकटी राहत होती. शेजारच्या वहिनींनी तिला हॉस्पिटलात पोचवलं, पण आत त्यांना सोडेनात. सोबतीला एकच बाई, आणि तिच्याकडे नुकताच काढलेला निगेटिव्ह अहवाल हवा. वहिनींनी नमुना द्यायचं म्हटलं तरी अहवाल यायला दुसरा दिवस उजाडणार. माझी लेक आत एकटी होती. आधीच भित्री, सुई बघून डोळे मिटणारी पोर.

मी खाली फोन केला. आमच्या देखरेखीला नेमलेल्या डॉक्टरबाई फोनवर आल्या. मी विनवलं, रडले, थोडी ओरडलेही. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "आजी, तुमची तपासणी अजून व्हायची आहे. मी तुम्हाला सोडलं आणि उद्या तुमचाच अहवाल वाईट आला, तर त्या बाळाच्या जवळ तुम्हीच असाल ना?" खरं बोलणाऱ्यावर चिडता येत नाही, म्हणून मी देवीवर चिडले. तुझ्या पायरीशी इतकी वर्षं आले, आणि ऐन वेळी मला लेकीपासून हाकेच्या अंतरावर कोंडून ठेवलंस. जा, यंदा जोगवा नाही.

थोड्या वेळाने लेकीचा पुन्हा फोन आला. दोन कळांच्या मध्ये ती बोलत होती, आवाज तुटत होता. मला वाटलं, काही हवं असेल. ती म्हणाली, "आई, आज शुक्रवार ना गं? तू जोगवा मागितलास का? माझ्यासाठी माग."

आता काय करणार? रुसवा माझा होता, पण जोगवा तिचा होता. आमच्या मजल्यावर खोलीबाहेर पाऊल टाकायची मुभा नव्हती, आणि एका खोलीतली वस्तू दुसऱ्या खोलीत जाऊ द्यायची नाही असा कडक नियम होता. मग दार नाही तर फोन तरी. पदर डोक्यावर घेतला, बाथरूममधली प्लास्टिकची टोपली धुऊन पुसून परडी म्हणून मांडीवर ठेवली, आणि खोल्यांचे नंबर फिरवायला बसले. परडीऐवजी फोन हातात धरून जोगवा मागणारी आमच्या घराण्यातली पहिली बाई मीच असेन.

पहिल्या खोलीत दुबईहून आलेला एक तरुण इंजिनिअर निघाला. "जोगवा? आंटी, मेन्यूमें तो नहीं है," म्हणाला. मी त्याला समजावलं, तेव्हा ओशाळला आणि म्हणाला, की माझ्याकडे खजूर आहेत, तेच देवीचे. पुढच्या खोलीतल्या म्हाताऱ्या जोडप्याने चहाबरोबर आलेल्या साखरेच्या पुड्या देऊ केल्या. तिसऱ्या खोलीतली शिकायला परदेशी गेलेली मुलगी आईची आठवण काढून फोनवरच रडायला लागली, तिलाच मला समजवावं लागलं. तिने चॉकलेट वाढलं. चौथे गृहस्थ म्हणाले, की माझा या गोष्टींवर विश्वास नाही, पण तुम्हाला नाही म्हणवत नाही, एक सफरचंद बाजूला ठेवतो. प्रत्येकाला मी सांगितलं, तुमच्याच खोलीत ठेवा आणि देवीचं नाव घेऊन खा. मांडीवरची टोपली रिकामीच होती, पण का कोण जाणे, माझा आवाज प्रत्येक फोनला जरा कमी कापत होता.

पाचवी खोली माझ्या भिंतीला लागून होती, आणि खरं सांगते, तो नंबर मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. त्या खोलीतल्या बाईंना मी कधी पाहिलं नव्हतं, पण ऐकलं मात्र भरपूर होतं. सकाळ-संध्याकाळ त्या परदेशातल्या नातीशी अशा मोठ्याने बोलायच्या, की फोनची गरजच नव्हती, आवाज तसाच पोचला असता. माझी दुपारची झोप त्यांनी एक दिवसही लागू दिली नव्हती.

"कोन बोलतंय?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "मी शेजारच्या खोलीतली. नवरात्रातला शुक्रवार आहे. वणीच्या आईचा जोगवा मागते आहे."

मग त्या हळू आवाजात बोलल्या. हळू आवाज त्यांच्याकडे आहे हे मला पहिल्यांदाच कळलं. "उदे गं माय! अवं ताई, हाटेलात जोगवा? लय बरं वाटलं बघा. पन माझ्याकडं ना पीठ हाय, ना तांदूळ. आन् असतं तरी तुमच्याकडं पोचू देत नाय."

"मनाने वाढा, पोचेल," मी म्हटलं.

"मनानं काय वाढायचं? दारी जोगवा आला, तो रिकामा कसा धाडू मी? कशापायी मागू राहिल्या ते तर सांगा."

मी सांगायला लागले आणि मधेच मला रडू फुटलं. लेक एकटी आहे, ताजा निगेटिव्ह अहवाल असलेली बाई हवी आहे, आणि अख्ख्या नाशकात मला तशी एकही बाई माहीत नाही, असं मी म्हणाले.

"ताई, माझा रिपोर्ट आत्ता आला. निगेटिव्ह. आज सुटले मी. पोरगा चांदवडहून गाडी घेऊन येऊ राहिला. दवाखाना कोन्ता, तेवढं सांगा."

मला खरं तर नको म्हणायचं होतं. कोण कुठली बाई, भिंतीआडून ऐकलं तेवढीच ओळख, लेकीच्या बाळंतपणाला म्हणून परदेशी गेलेली, माझ्यासारखीच महिनोन्‌महिने अडकलेली. खाली मुलगा येतो आहे, घरी नवरा वाट बघतो आहे, कांदाचाळीत साठवलेला कांदा वाट बघतो आहे. तिने आमच्यासाठी थांबावं हे कुठल्या तोंडाने घेऊ? शिवाय मला स्वतःला तिथे जायचं होतं. माझ्या जागी दुसरी कुणी, हे मनाला पटत नव्हतं. "नको" असं अगदी ओठांवर आलं, आणि मांडीवरच्या टोपलीकडे लक्ष गेलं. परडीत जे पडेल ते घ्यायचं. मी डोळे मिटले आणि म्हटलं, "उदे गं आई." हॉस्पिटलचं नाव सांगितलं आणि फोन ठेवला.

मग खिडकीतून मी त्यांना पाहिलं. ठेंगणी, गोल बाई, तोंडावर मास्क, त्यावर प्लास्टिकची काच, हिरवं लुगडं आणि खाली लेकीने घेऊन दिलेले गुलाबी बूट. मुलगा गाडी घेऊन उभा होता. त्याच्याशी त्यांचं जोरात काहीतरी झालं, हातवारे झाले, शेवटी तो हसला आणि दार उघडून दिलं. गाडीत बसायच्या आधी त्यांनी वर पाहिलं. माझी खिडकी कोणती हे त्यांना कसं कळणार, म्हणून त्यांनी सगळ्याच खिडक्यांकडे बघून हात हलवला. मीही इतक्या जोरात हात हलवला, की पडद्याची दांडी खाली आली.

पुढचे तास मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. लेकीने फोन उशाशी चालू ठेवला होता. त्यातून मला तिचं कण्हणं ऐकू यायचं आणि त्याच्यावर तो आवाज. "घाबरू नको बाळा, दम घे, हां, आस्सा." जो आवाज भिंतीआडून नकोसा झाला होता, त्याचा एक शब्दही निसटू नये म्हणून मी फोन कानाला चिकटवून बसले होते. नर्सबाईंनी एकदा दटावलं, "मावशी, हळू बोला." त्यावर या म्हणाल्या, "हळू बोलून कुनाची लेक बाळंत झाली का कधी?" त्या वेदनेतही माझी लेक हसली. ते हसू ऐकलं आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

दुपार कलायच्या आत बाळाचं रडणं ऐकू आलं. व्हिडिओ सुरू झाला, पण चांदवडच्या ताईंनी फोन उलटा धरलेला. मला आधी पंखा दिसला, मग त्यांचा अंगठा, मग पुन्हा पंखा. मी इकडून ओरडते आहे, "अहो, फिरवा!" आणि एकदम पडद्यावर एक लालबुंद, चिडलेला, सुरकुतलेला चेहरा आला. मुलगी झाली होती. आनंदाने मला काय करावं सुचेना. नियम आठवला तरी दार उघडलं आणि उंबऱ्याच्या आत उभी राहून सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडले, "नात झाली!" पटापट दारं उघडली. कुणी बाहेर पाऊल टाकलं नाही, पण इंजिनिअरने ताट वाजवलं, म्हाताऱ्या आजोबांनी शिट्टी घातली, आणि विश्वास नसलेल्या गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या त्या थांबेचनात. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत काही जाऊ शकत नव्हतं, पण स्वयंपाकघरातून सगळ्या खोल्यांत जाऊ शकत होतं. हॉटेलच्या आचाऱ्याला कुणी सांगितलं कोण जाणे, संध्याकाळच्या जेवणात प्रत्येकाच्या खुर्चीवर वाटीभर गरम शिरा होता. त्यातला पहिला घास मी देवीला दाखवला आणि तिची माफी मागितली. भांडण मिटलं.

माझा निगेटिव्ह अहवाल येईपर्यंत चांदवडच्या ताई लेकीजवळ राहिल्या. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा नियमाप्रमाणे त्या बाहेर आल्याशिवाय मला आत जाता येणार नव्हतं, म्हणून आमची भेट झाली ती दारात, उभ्याउभ्याच. मी पाया पडायला वाकले, तर त्या दोन पावलं मागे सरल्या. "अंतर ठेवा, ताई! आन् पाया कशाला पडता? तुम्ही मागितलं, माझ्याकडं होतं ते वाढलं." मी लांबूनच हात जोडले. मुलाच्या गाडीत बसून त्या गेल्या, आणि मी आत गेले.

लेक उशीला टेकून बसली होती. मला बघून आधी रडली, मग हसली, मग बाळ माझ्या मांडीवर दिलं. मी म्हटलं, "मी यायला हवं होतं गं. तुला एकटीला..." तिने मला पुरतं बोलू दिलं नाही. म्हणाली, "आई, शेवटची कळ आली ना, तेव्हा मला काही दिसत नव्हतं. मी तुलाच हाक मारली. आणि माझा हात धरून कुणीतरी म्हणालं, हितंच हाय बाळा मी. मला वाटलं, तू आलीस."

नातीची इवलीशी मूठ माझ्या बोटाभोवती आवळलेली होती. मी देवीशी भांडले होते, मला सोडव म्हणून. तिने मला सोडवलं नाही. पण माझी लेक एकटी नव्हती, शेवटच्या कळेलाही नव्हती, आणि मला तेवढंच तर हवं होतं.