चावीताईची बोटं

चौकातलं चाव्यांचं दुकान मूळचं सासऱ्यांचं. त्यांचे गुडघे कुरकुरू लागले तेव्हा सुनेनं कानस हातात घेतली आणि बघता बघता ती साऱ्या बाजाराची चावीताई झाली. सासरे घरी बसून कंटाळून गेले.

मग तिच्या बोटांना खाज सुटायला लागली. शनिवारी दुकानात डोकं वर काढायला फुरसत नसे. रविवारी दुकान बंद, म्हणून ती धुणं काढी, आणि सोमवारी उठावं तर बोटं लाल, पुरळ आलेली, मधे भेगा. साहजिकच तिनं साबणाला दोष दिला. साबण बदलून पाहिले. नवऱ्यानं धुणं अंगावर घेतलं, तरी फरक नाही. शेवटी कानस धरवेना, तेव्हा ती त्वचेच्या डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरबाईंनी तिच्या पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या पट्ट्या चिकटवल्या. काही दिवसांनी पाहिलं, तर एकच ठिपका फुलून आला होता.

"निकेल," त्या म्हणाल्या. "पांढऱ्या चाव्यांमध्ये असतो तो धातू."

"पण चाव्या मी शनिवारी घासते. खाज सोमवारी येते."

"तीच तर गोम आहे. निकेल कातडीत शिरलं की त्याच्यावर डूख धरून बसलेल्या पेशी त्याला ओळखतात आणि रासायनिक निरोप सोडतात. सायटोकाइन म्हणतात त्यांना. निरोप मिळाला की आणखी पेशी धावून येतात, त्याही निरोप सोडतात. सगळी फौज जमायला एक-दोन दिवस जातात. मग सूज, मग खाज."

चावीताईला हसू आलं. "बिचाऱ्या साबणाला उगाच बोल लावले मी."

"मलमानं हे निरोप थंडावतील. पण निकेलपासून लांब राहायला हवं."

घरी येईतो हसू मावळलं होतं. दुकान सोडावं लागलं तर पुढं काय करायचं, हे तिला सुचेना. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पितळेत असतं का ते?"

"साध्या पितळेत नाही म्हणाल्या."

"मग पितळ तुझं, पांढऱ्या चाव्या माझ्या. गुडघे गेलेत माझे, हात नाही. एक उंच स्टूल तेवढं दे."

"बाबा, दिवसभर बसवेल तुम्हाला?"

"घरी काय मी नाचत असतो?"

आता एकाच टेबलाला दोघं बसतात. गिऱ्हाइकाची चावी ती हातमोजे घालूनच घेते. बोटं हळूहळू नितळ झाली. सासरे गिऱ्हाइकांशी इतकं बोलतात की गिऱ्हाइकं चावी घ्यायलाच विसरतात. ती हाक मारून त्यांना परत बोलावते आणि पुन्हा कानस चालवू लागते.